घरगुती गिटार-मुद्रण आणि मिश्रणविद्या : लेस पॉल ते ‘नेब्रास्का’ (१९४५–१९८२)

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात यंत्रांची हकीकत विस्ताराने आलेली आहे, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचीही आलेली आहे. परंतु यंत्रापुढे बसलेल्या माणसाने काय ऐकावयाचे व कसे ऐकावयाचे हे तो कोठे आणि कोणत्या किमतीस शिकला, या प्रश्नाकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. स्टुडिओतील अभियंत्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे; तो ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकला. परंतु ज्याने आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, तळघरात किंवा शयनगृहात एकट्याने गिटार वाजवून तिचे मुद्रण केले, त्याला गुरू कोण? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील तीन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. घरगुती मुद्रणाचा इतिहास म्हणजे यंत्रे स्वस्त होत गेल्याचा इतिहास, अशी एक समजूत रूढ आहे. ती खोटी नाही. पण अपुरी आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा केला पाहिजे. मिक्सिंग किंवा मिश्रण म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित झालेल्या वाद्यांची व आवाजांची परस्परांशी पातळी ठरविणे, कोणता स्वर पुढे व कोणता मागे, कोणता डावीकडे व कोणता उजवीकडे वाटावा याचा निर्णय करणे, आणि अखेर त्या सर्वांना एका किंवा दोन प्रवाहांत एकत्र आणणे. मास्टरिंग हे त्याच्या पुढचे काम. एकत्र झालेले मुद्रण ज्या माध्यमातून लोकांपर्यंत जावयाचे, त्या माध्यमाला सोसेल आणि निरनिराळ्या घरांतील निरनिराळ्या यंत्रांवर नीट ऐकू येईल असे रूप त्यास देणे, हे त्या कामाचे प्रयोजन. ‘मास्टर’ हा शब्द येथे मूळचा एका वस्तूचा वाचक आहे, हे विसरता कामा नये. लाखेचा लेप दिलेल्या तबकडीवर कर्तनयंत्राच्या सुईने खोबण कोरली जाई. त्या तबकडीवरून धातूचे साचे काढले जात आणि त्या साच्यांवरून विक्रीच्या तबकड्या छापल्या जात. म्हणजे मिश्रण हा कानाचा निर्णय होता, तर मास्टर ही कारखान्यातील एक जिन्नस होती. घरी मुद्रण करणाऱ्याचे पुढील सारे नशीब या भेदात साठविलेले आहे.

एकाच माणसाने स्वतःवर स्वतःचे वादन चढविण्याची कल्पना लेस पॉलच्या पूर्वीची आहे. सिडनी बेशे या वादकाने १९४१ च्या एप्रिलमध्ये आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीच्या स्टुडिओत ‘द शेख ऑफ अ‍ॅरबी’ या गीताचे मुद्रण केले, तेव्हा क्लॅरिनेट, दोन जातींचे सॅक्सोफोन, पियानो, बास व ड्रम ही सहाही वाद्ये त्याने स्वतः वाजविली. एका तबकडीवरचे वादन ऐकत दुसऱ्या तबकडीवर त्यात भर घालावयाची, अशी ती पद्धत होती. परंतु हा प्रयोग कंपनीच्या अभियंत्यांच्या हातून झाला. बेशेने वाजविले, समतोल मात्र इतरांनी राखला. वादक व मिश्रक ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, आणि तीही त्याच्या राहत्या घरी आली, ती लेस पॉलपासून असे म्हणावयास हरकत नाही.

लेस्टर विल्यम पोल्सफस ऊर्फ लेस पॉल याचा जन्म ९ जून १९१५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा या गावी झाला. १९४० च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात भरीव लाकडाच्या ओंडक्यावर तारा व विद्युत् पिकअप बसवून एक गिटार तयार केली. ‘द लॉग’ म्हणजे ओंडका याच नावाने ती प्रसिद्ध आहे. या गिटारीची आठवण तिच्या पुढच्या कीर्तीसाठी करीत नाही. विद्युत् गिटार आणि घरगुती मुद्रण यांचा संबंध आकस्मिक नव्हता, हे दाखविण्यासाठी ती आवश्यक आहे. पियानो, व्हायोलिन किंवा मानवी कंठ मायक्रोफोनने टिपावयाचा तर त्याच्याबरोबर खोलीही टिपली जाते : भिंतींवरून परतणारा ध्वनी, रस्त्यावरून जाणारी मोटार, शेजारच्या घरातील भांड्यांचा आवाज. गिटारीचा पिकअप मात्र हवेतील कंपने ऐकतच नाही. चुंबकाजवळून हलणाऱ्या पोलादी तारेची हालचाल तेवढी तो विद्युत्प्रवाहात उतरवितो. पॉल आपली गिटार मायक्रोफोनशिवाय थेट मुद्रणयंत्राला जोडी. स्टुडिओचे खरे भांडवल जी शांत व मोजून बांधलेली खोली, तिची गरजच या वाद्याला उरली नाही. घरगुती मुद्रणाच्या आरंभी गिटार का दिसते आणि सनई किंवा व्हायोलिन का दिसत नाही, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

१९४३ मध्ये पॉल हॉलिवूडला गेला. तेथील कर्सन अ‍ॅव्हेन्यूवरील घराच्या गॅरेजमध्ये त्याने १९४५ च्या सुमारास स्वतःचे मुद्रणालय उभे केले. तबकडी कोरण्याचे यंत्रही त्याने स्वतःच जुळविले होते, आणि त्यास कॅडिलॅक मोटारीचे गतिचक्र वापरले होते, असे तो सांगत असे. येथे तयार झालेले ‘लव्हर’ हे गीत कॅपिटॉल कंपनीने १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गिटारीचे आठ भाग एकमेकांवर चढविलेले आहेत. काही भाग यंत्राची गती निम्म्यावर आणून वाजविले होते. ते नेहमीच्या गतीने ऐकू आले म्हणजे एक सप्तक वर जात व त्यांची लय दुप्पट होई. हे सारे चुंबकीय फितीशिवाय, एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर उतरवून झाले. हे गीत साधेपर्यंत सुमारे ५०० तबकड्या वाया गेल्या, असे पॉलने सांगितले आहे.

हा आकडा अक्षरशः घ्यावयाचा की नाही, हा प्रश्न आहे. पॉल ९४ वर्षे जगला (ऑगस्ट २००९ मध्ये तो वारला), आणि उत्तरायुष्यात त्याने आपली हकीकत असंख्य वेळा सांगितली. उत्तम गोष्ट सांगणाऱ्या माणसाची साक्ष इतिहासकाराला जितकी मोलाची तितकीच अवघड. पुनःपुन्हा सांगून गोष्टीला गोलाई येते, आकडे पूर्णांक होतात, आणि भोवतालची माणसे हळूहळू अंधारात सरकतात. परंतु ५०० हा आकडा बाजूला ठेवला तरी तबकडीवरील पद्धतीचे स्वरूप त्यातून स्पष्ट होते. तिथे चूक झाली की नवी तबकडी वाया जाई, मागची मात्र शाबूत राही. शिकणाऱ्याला किंमत पडे ती सामग्रीची. सहावा भाग चढविताना पातळी चुकली तर पाचव्या तबकडीकडे परत जाता येई. ही शिकण्याची पद्धत खर्चिक होती खरी, पण ती क्षमाशील होती.

चुंबकीय फितीने ही क्षमा काढून घेतली, हे या इतिहासातील मोठे वैचित्र्य होय. जर्मनीत ए. ई. जी. कंपनीने मॅग्नेटोफोन हे यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले होते. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन अभियंत्याने तशी दोन यंत्रे मायदेशी आणली आणि १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक दाखविले. गायक बिंग क्रॉस्बी याने आपल्या नभोवाणी कार्यक्रमासाठी त्यांचा उपयोग करून घेतला; अ‍ॅम्पेक्स या लहानशा कंपनीचे पहिले यंत्र १९४८ मध्ये बाजारात आले. क्रॉस्बीने १९४९ मध्ये असे एक यंत्र पॉलला आणून दिले. ते मॉडेल २०० होते की ३००, याविषयी निरनिराळ्या वृत्तांतांत एकवाक्यता नाही; आपल्या विषयाला त्याचे फारसे महत्त्वही नाही. महत्त्व आहे ते पॉलने त्यात केलेल्या एका फेरफाराला.

सामान्य यंत्रात फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, नंतर मुद्रण करणाऱ्या हेडवरून व शेवटी ऐकविणाऱ्या हेडवरून. पॉलने पुसणाऱ्या हेडच्याही अलीकडे एक जादा ऐकविणारे हेड बसवून घेतले. त्यामुळे फितीवरील जुने वादन पुसले जाण्यापूर्वी क्षणभर आधी वाचले जाई. ते पॉलच्या कानांत पडे, त्याच्या नव्या वादनात मिसळे, आणि दोन्ही मिळून त्याच फितीवर पुन्हा उतरत. दुसऱ्या यंत्राची गरज नाही, हा लाभ. तोटा असा की जुने मुद्रण त्याच वेळी कायमचे नष्ट होई. दहाव्या फेरीत बोट चुकले तर मागच्या नऊ फेऱ्याही गेल्या. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. येथे प्रत्येक निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

या पद्धतीचा मिश्रणाशी असलेला संबंध बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रत्येक फेरीत जुने किती व नवे किती याचे प्रमाण ठरवावे लागे. तेच मिश्रण. म्हणजे मुद्रणानंतर करावयाचे मिश्रण नावाचे वेगळे काम येथे उरलेच नव्हते. ते बारा किंवा अधिक फेऱ्यांत विखुरले होते, आणि अखेरचा परिणाम कानावर येण्यापूर्वीच प्रत्येक वेळी ते उरकावे लागे. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढते. प्रत्येक फेरीत सारख्याच शक्तीची खरखर मिळते असे धरले, तर फेऱ्या दुप्पट झाल्या की ती ३ डेसिबलनी वाढते; बारा फेऱ्यांनंतर ती पहिल्या फेरीपेक्षा सुमारे ११ डेसिबल अधिक असते. वरच्या पट्टीतील तेजही नकलेगणिक थोडथोडे उतरते. यातून एक उलटा क्रम निष्पन्न होतो. जो भाग कमी महत्त्वाचा तो आधी वाजवावयाचा, कारण त्याला सर्वांत जास्त फेऱ्या सोसावयाच्या आहेत. मुख्य गिटार आणि मुख्य स्वर अगदी शेवटी, म्हणजे ते ताजे राहतात. आरंभीच्या भागांना गरजेपेक्षा अधिक धार द्यावयाची, कारण ती पुढे बोथट होणारच आहे. चित्रकाराने पार्श्वभूमी आधी रंगवावी तसे हे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु चित्रकाराला आपली पार्श्वभूमी प्रत्येक नव्या फटकाऱ्याबरोबर फिकी होताना पाहावी लागत नाही. सारी रचना आधी मनात ऐकून ठेवल्यावाचून हे काम होणे शक्य नव्हते. संगीत नियोजकाची बुद्धी आणि अभियंत्याचा कान या दोहोंचा असा संयोग पुढे यंत्रे सुधारल्यावर सैल पडत गेला.

‘हाउ हाय द मून’ हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण. १९५१ च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स येथील राहत्या जागेत त्याचे मुद्रण झाले, मार्चमध्ये कॅपिटॉलने ते प्रसिद्ध केले, आणि ‘बिलबोर्ड’च्या यादीत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

या गीतात गिटारी जितक्या आहेत तितकेच जवळजवळ कंठस्वरही आहेत, आणि ते सारे एकाच स्त्रीचे आहेत. आयरिस कॉलीन समर्स हे तिचे मूळ नाव. पॉलने तिला मेरी फोर्ड हे नाव दिले, आणि १९४९ च्या डिसेंबरात दोघांचा विवाह झाला. घरगुती मुद्रणाच्या इतिहासात या बाईंचा उल्लेख ‘गायिका’ एवढ्यावरच बहुधा थांबतो. मला हे न्याय्य वाटत नाही. वर वर्णिलेल्या पद्धतीत चुकीची शिक्षा दोघांनाही सारखीच होती. आपल्याच आवाजाशी आपलाच तिसरा, चौथा, पाचवा आवाज जुळविताना श्वास, उच्चार व स्वराचा शेवट एकाच ठिकाणी तोडावा लागतो. एक व्यंजन पुढेमागे झाले तर ते झाकावयाला दुसरा गायक नसतो. शिवाय कंठाला मायक्रोफोन लागतोच, म्हणजे खोलीचा प्रश्न गिटारीपुरता सुटला तरी मेरी फोर्डपुरता उभाच होता. त्यावर काढलेला तोडगा असा की मायक्रोफोन तोंडापासून अगदी थोड्या इंचांवर ठेवावयाचा आणि आवाज न चढविता गावयाचे. त्या काळी स्टुडिओतील प्रघात गायकाने अंतर राखून उभे राहण्याचा होता. जवळून गायल्यामुळे खोली मागे पडली आणि कानाशी कुजबुजल्यासारखा एक आत्मीय सूर पुढे आला. पुढे अवघ्या लोकप्रिय गायनाने तो उचलला. घराच्या अडचणीतून हा उपाय निघाला, पण तो निभावला गायिकेच्या संयमाने. पातळी कायम ठेवण्याचे, म्हणजे मिश्रणाचेच, निम्मे काम येथे गळा करीत होता. १९५३ पासून दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या या दांपत्याच्या छोट्या कार्यक्रमाचे नावच ‘अ‍ॅट होम’ असे होते, आणि त्याचे चित्रीकरण न्यू जर्सीतील माह्वा येथील त्यांच्या घरी होई. घर हे येथे कार्यशाळा, रंगमंच आणि संसार एकाच वेळी होते. पॉलच्या कथनात यंत्रे जितकी बोलतात तितकी मेरी फोर्ड बोलत नाही. तिचा मृत्यू १९७७ मध्ये झाला आणि कथनाचा अधिकार पुढे तीस वर्षांवर एकाकडेच राहिला, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

(त्याच दशकात मुंबईच्या चित्रपटगीतांचे मुद्रण गायक व वाद्यवृंद एकत्र बसवून होत असे, आणि समतोल साधावयाचा तो बहुतांशी वादकांना मायक्रोफोनपासून मागेपुढे सरकवून. तुलनेचा हा विषय स्वतंत्र निबंधाचा आहे. येथे तो केवळ नोंदवून ठेवतो.)

या जोखमीतून सुटका करणारी युक्ती अ‍ॅम्पेक्समध्येच निघाली. एकाच रुंद फितीवर आठ समांतर ट्रॅक ठेवावयाचे, म्हणजे प्रत्येक भाग स्वतंत्र राहील व केव्हाही बदलता येईल, ही मूळ कल्पना. तिच्यात अडचण अशी होती की ऐकविणारे हेड मुद्रणाच्या हेडपुढे काही अंतरावर असल्यामुळे जुने वादन ऐकून केलेले नवे वादन फितीवर मागे पडे. रॉस स्नायडर याने १९५५ च्या सुमारास मुद्रणाच्या हेडकडूनच जुन्या ट्रॅकचे श्रवणही करून घेण्याची व्यवस्था सुचविली. तीच पुढे ‘सेल-सिंक’ या नावाने ओळखली गेली. एक इंच रुंदीच्या फितीचे पहिले आठ-ट्रॅक यंत्र १९५७ मध्ये पॉलच्या घरी पोचले. त्याची किंमत १०,००० डॉलर होती. परंतु ज्या गीतांनी पॉलचे नाव झाले ती सारी तोपर्यंत होऊन गेली होती. जोखमीच्या पद्धतीने त्याने जे साधले ते निर्धोक यंत्र हाती आल्यावर त्याला पुन्हा साधले नाही. लोकांची अभिरुची रॉक अँड रोलकडे वळली होती हे त्याचे एक कारण खरेच. ते एकच कारण होते असे मात्र मला वाटत नाही. आठ ट्रॅकांमुळे निर्णय पुढे ढकलण्याची सोय झाली, आणि जो निर्णय आज घेतला नाही तरी चालतो तो आज मनात ऐकण्याची गरज उरत नाही.

मिश्रण असे घरात आले. मास्टरिंग मात्र आले नाही. पॉलने तयार केलेली फीत कॅपिटॉलकडे जाई आणि तबकडी कोरण्याचे काम तेथील माणसे करीत. स्वतःचे कर्तनयंत्र बनविणाऱ्या पॉलला तरी त्या कामाची माहिती होती. त्याच्या मागून आलेल्यांना ती राहिली नाही. आणि ती जाणून घेण्यासारखी होती. खालच्या पट्टीतील स्वर जोराने कोरला तर खोबण इतकी रुंद होते की शेजारच्या वेढ्यात घुसते. म्हणून कोरताना खालचे स्वर दाबावयाचे व वरचे वाढवावयाचे, आणि ऐकविताना याच्या उलट करावयाचे, असा संकेत असतो. १९५४ मध्ये अमेरिकन उद्योगसंस्थेने यासाठी एकच वक्ररेषा प्रमाण ठरविली. ५०, ५०० व २१२२ हर्ट्झ ही तिची वळणे. द्विमार्गी म्हणजे स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास प्रचारात आल्यावर आणखी एक बंधन वाढले. दोन्ही बाजूंना जे समान आहे ते सुईला आडवे हलविते, आणि दोन्ही बाजूंत जो विरोध आहे तो तिला उभे, खालीवर हलवितो. विरोध फार झाला तर खोबण उथळ होते आणि ऐकणाऱ्याच्या घरी सुई उडते. घरी बसून मिश्रण करणाऱ्याला हे कळण्याचे साधन नव्हते; त्याच्या फितीवर सारे उत्तमच ऐकू येई.

पुढच्या वीस वर्षांची हकीकत लवकर आटोपता येईल. आठाचे सोळा व सोळाचे चोवीस ट्रॅक झाले आणि यंत्रे पुन्हा स्टुडिओत गेली, कारण तेवढा पैसा घरी नव्हता. पॉल मॅकार्टनी याने १९६९ च्या अखेरीस लंडनमधील आपल्या घरी चार ट्रॅकांच्या स्ट्यूडर यंत्रावर एकट्याने मुद्रण केले. मिश्रणाचा फलक नसल्यामुळे तो मायक्रोफोन थेट यंत्रालाच जोडी, आणि पातळी मायक्रोफोनची जागा बदलून जमवी. १९७० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र तबकडीचा बराच भाग असा झाला. १९७२ च्या सुमारास जपानच्या टीक कंपनीने पाव इंच फितीवर चार ट्रॅक देणारे यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आणले.

टॉम शोल्झ याचे उदाहरण मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण येथे घर व स्टुडिओ यांचा उघड संघर्ष झाला. शोल्झ हा मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतून एम. एस. झालेला अभियंता, पोलरॉइड कंपनीत तो नोकरी करीत असे आणि वॉटरटाउन येथील घराच्या तळघरात रात्री गिटारीचे थर रचीत असे. वर्षानुवर्षे त्याचे नमुने नाकारले गेले. अखेर एपिक कंपनीने करार केला तेव्हा अट अशी आली की ही गीते धंदेवाईक स्टुडिओत नव्याने मुद्रित व्हावीत. निर्माता जॉन बॉयलन याने यातून वाट काढली. इतर मंडळी लॉस एंजेलिसला गेली, शोल्झ तळघरातच राहिला, आणि बहुतेक सारी वाद्ये तेथेच, जुन्या साधनांवर मुद्रित झाली. कंपनीला याची कल्पना नव्हती. गायन व मिश्रण लॉस एंजेलिसमध्ये झाले. ‘बॉस्टन’ या नावाची ही तबकडी १९७६ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची अमेरिकेतील विक्री १ कोटी ७० लाखांपर्यंत गेल्याचे प्रमाणित झाले आहे. तळघरात तयार झालेला नाद ‘धंदेवाईक’ आहे की नाही हे कंपनीला ऐकून ओळखता आले नाही, हा या प्रकरणाचा इत्यर्थ होय. अट नादासंबंधी नव्हती. ती जागेसंबंधी होती.

शोल्झपाशी निदान अभियंत्याचे शिक्षण होते. १९७९ मध्ये टीक कंपनीने टास्कॅम या नावाखाली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र काढले, त्याला तेही नको होते. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली साधी कॅसेट, तिची ३·८१ मिलिमीटर रुंदीची फीत, त्यावर एकाच दिशेने जाणारे चार ट्रॅक, नेहमीच्या दुप्पट गती, आणि त्याच पेटीत मिश्रणाचा छोटा फलक. ब्रूस स्प्रिंगस्टीन याच्या न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरी माइक बॅटलन याने हे यंत्र मांडून दिले, आणि १९८२ च्या जानेवारीच्या आरंभी स्प्रिंगस्टीनने आपल्या नव्या गीतांचे कच्चे नमुने त्यावर उतरविले. दोन शुअर एस. एम. ५७ मायक्रोफोन, अकूस्टिक गिटार व गळा. उरलेल्या दोन ट्रॅकांवर कोठे जोडस्वर, कोठे दुसरी गिटार, कोठे खंजिरी. मिश्रण करताना सारे एकोप्लेक्स या फितीच्या प्रतिध्वनियंत्रातून काढून पॅनासॉनिकच्या साध्या हातातल्या टेपरेकॉर्डरवर उतरविले. ती कॅसेट तो काही आठवडे डबीशिवाय खिशात घेऊन हिंडत होता, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ही गीते वादकवृंदासह न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुन्हा करून पाहिली. ती पटली नाहीत, आणि खिशातली कॅसेटच प्रसिद्ध करावयाचे ठरले.

पॉलच्या घरात खोली टाळण्याचा सारा खटाटोप होता, येथे खोलीच ऐकू येते. पॉलने आपली चूक होऊ नये म्हणून यंत्र जिंकले. येथे गाणारा माणूस यंत्राला विसरला होता, कारण हे मुद्रण जगासाठी आहे असे तो समजतच नव्हता. परंतु ज्या क्षणी ते जगासाठी झाले त्या क्षणी मास्टरिंगची भिंत आडवी आली. कॅसेटवरील ध्वनी तबकडीवर कोरता येईना. अभियंता टोबी स्कॉट याने या धडपडीची हकीकत सांगितली आहे. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांनी प्रयत्न केले; सुई खोबणीत नीट राहीना, ध्वनी फाटे. एक वेळ केवळ कॅसेटच्या रूपानेच हा संग्रह काढावा, असाही विचार निघाला होता. अखेर न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत डेनिस किंग याने पातळी नेहमीपेक्षा पुष्कळ खाली ठेवून ती तबकडी कोरली. ‘नेब्रास्का’ ३० सप्टेंबर १९८२ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या प्रती शेजारच्या तबकड्यांपेक्षा हळू वाजतात, ही कलात्मक निवड आहे असे पुष्कळदा समजले जाते. ती प्रथम कर्तनयंत्राची शरणचिठ्ठी होती. तीस वर्षांपूर्वी पॉलला जे ठाऊक होते, ते या घरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि यात स्प्रिंगस्टीनचा दोष नाही. ज्ञान यंत्राबरोबर विकत मिळत नव्हते, एवढेच.

त्याच वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. खोबणीची बंधने हळूहळू इतिहासजमा झाली, आणि त्यांच्या जागी अंकीय मुद्रणाची कमाल पातळी हे एकच छत राहिले. त्या छताला डोके टेकवून सारे मुद्रण जोराचे करण्याची जी स्पर्धा १९९० नंतर वाढली, तीत घरी शिकणाऱ्याने मोठ्या स्टुडिओचे अनुकरण केले ते नेमके वाईट गोष्टीत. पुढे जाणवणाऱ्या जोराचे मापन प्रमाणित झाले (२००६), युरोपच्या प्रसारणसंस्थांनी ते स्वीकारले (२०१०), आणि आंतरजालावरील संगीतसेवा आता बहुधा सर्व गीतांची पातळी आपणच सारखी करतात. त्यामुळे जास्त दाबून मिळणारा लाभ संपला, दाबल्यामुळे झालेली हानी तेवढी शिल्लक राहते. कर्तनगृहातील माणूस आता संगणकातील एका आज्ञावलीच्या रूपाने प्रत्येक घरी आहे. तो हवे तितके वेळा मागे जाऊ देतो, हे ‘लव्हर’च्या तबकड्यांची आठवण करून देणारे आहे, फक्त वाया जाण्याची किंमत आता शून्य आहे, आणि त्यामुळे थांबावयाचे कोठे हे सांगणारेही कोणी राहिले नाही.

साधनांविषयी एक गोष्ट नोंदवावयाची आहे. ‘नेब्रास्का’च्या बाबतीत चार ट्रॅकांची मूळ कॅसेट आणि मिश्रणाची कॅसेट असे दोन टप्पे होते, म्हणून तिचे मिश्रण कसे झाले याचा माग काढणे तत्त्वतः शक्य आहे. ‘हाउ हाय द मून’च्या बाबतीत ते कधीच शक्य होणार नाही. त्या फितीवर प्रत्येक फेरीने मागची फेरी पुसली. गिटारीचा एकही भाग व मेरी फोर्डचा एकही स्वर स्वतंत्र रूपात उरलेला नाही. त्या गीतात भाग किती, या साध्या प्रश्नाची जी उत्तरे छापून येतात ती सारी मुद्रण करणाऱ्यांच्या आठवणीवर किंवा ऐकणाऱ्याच्या कानावर आधारलेली आहेत. बहुधा चोवीस, म्हणजे बारा गिटारी व बारा कंठस्वर, असा आकडा दिला जातो. तो बरोबर असेलही. पडताळावयाला फितीवर मात्र एकच ट्रॅक आहे.